शनी दाखवायचा राहिला

सुधादादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा खरं सांगतो, आधी राग आला. वर्षभर मला झुलवत ठेवून हा माणूस शनी न दाखवताच निघून गेला होता...

सुधादादा माझा मावसभाऊ, आचऱ्याचा. गेल्या हिवाळ्यात मी निवृत्त झालो आणि त्याच्याकडे दुर्बीण आहे म्हणून कुडाळहून जाऊ लागलो. शनीची कडी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, एवढीच माझी इच्छा. पण त्याने दुर्बिणीवरची गोधडीसुद्धा काढली नाही. "आधी डोळे तयार कर. दुर्बीण खंय पळान जाता?" मग काय, घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसायचं, मोबाइल काढायचा नाही, डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला लाल कापड बांधायचं. ध्रुव आपल्याकडे इतका खाली, की शेजाऱ्यांच्या माडांआड लपलेला. तो ओळखायला मला थेट समुद्रापर्यंत चालवत नेलं. मृग ओळखू लागलो, तर म्हणे आता त्याचं सरकणं बघ. तोवर शनी सूर्याआड गेला. नुसता वैताग.

मग पाऊस, म्हणजे चार महिने आकाश बंद. काडेपेटी, पापड सादळू नयेत म्हणून आपण तांदळाच्या पिंपात ठेवतो. या शहाण्याने डोळा लावायचं भिंगही तिथेच ठेवलं, तेही उघडं. दसऱ्याला काढलं तर फटीफटीत तांदळाची पूड आणि आत फिरणारा एक किडा. ते साफ करण्यात दिवाळी आली. वहिनी त्यावर जे बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर मात्र मी भांडलोच. तर शांतपणे म्हणाला, "औंदा कडी आडवी आसत रे. नुसती रेघ दिसतली. पुढल्या वर्षी बघ, मन भरात." पुढलं वर्ष जणू त्याच्या खिशातच होतं. तुळशीच्या लग्नानंतर तो झोपेतच गेला.

बाराव्यानंतर वहिनींनी दुर्बीण माझ्या गाडीत ठेवली. गेल्या आठवड्यात दिवेलागणीनंतर ती गच्चीवर लावली. शनी कुठे आहे ते कुणाला विचारावं लागलं नाही, हे त्याचं श्रेय, नाइलाजाने देतो. आणि दिसलं काय, तर पिवळसर ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ. म्हणजे शेवटचा वादही तोच जिंकला. इतका संतापलो, की फोन काढून सरळ त्याचा नंबर लावला. वाजायला लागल्यावर भानावर आलो, पण तोवर पलीकडे वहिनींनी उचलला होता.

मी काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "रेघच दिसली मा?"

मी हो म्हटलं.

"पुढल्या वर्षी ती दुर्बीण घेवन येवा, भावजी. माका पण बघूची आसत ती कडी. इतकी वर्षां माका तरी खंय दाखवल्यान?"