बोर्डावर जागा न्हाई

माणिकप्पा मिस्त्री माणूस वाईट न्हाई, पण हट्टी. त्याच्यापरीस बैल परवडला, बैल निदान चाबकाचं तरी ऐकतो. माझं चहाचं हॉटेल त्याच्या गॅरेजला खेटूनच, लातुरात नांदेड रोडला. म्हणून सांगते, ऐकीव न्हाई.

त्याच्या दारात माठ. गाडी घेऊन कुणी बी येवो, त्याचा पहिला सवाल ठरलेला, “पाणी पिता का?” दुष्काळात टँकरमागं बाया भांडायच्या, तवा बी त्यानं माठ उचलला न्हाई. एवढं मोठं मन, अन् जिभंला कुलूप. काय म्हणावं असल्याला!

त्याच्याजवळ व्यंकटी होता, देगलूरकडचा. दोघांनी मिळून गॅरेज उभं केलं, एका डब्यात जेवले. मंग आमचा लातूर जिल्हा झाला, अन् समद्या दुकानांचे बोर्ड बदलले. ‘जि. उस्मानाबाद’ खोडायचं, ‘जि. लातूर’ लिहायचं. रंगारी शिडीवर चढलेला, तवा खालून व्यंकटी म्हणला, “अप्पा, बोर्ड नवा होऊनच राहिला, तर माझं बी नाव टाका की.”

माणिकप्पानं वर बघितलं अन् म्हणला, “जागा न्हाई.”

झालं! व्यंकटीनं आपले पाने-पक्कड उचलले, रस्त्यापल्याड पत्र्याचं शेड मारलं, अन् साऱ्यांदेखत शपथ घेतली, “ह्या माणसाच्या माठातलं पाणी पिणार न्हाई.” तवापासून अबोला. एक ह्या बाकड्यावर बसणार, दुसरा त्या. “धुरपताबाई, त्याला म्हणावं, ट्रक माझ्या दारापुढं लावू नको.” अगं बाई, तो हितंच बसलाय की रं! मी काय तारघर हाय?

एकदा माणिकप्पा मला हळूच म्हणला, “व्यंकटी गेल्यापासून हात मोडल्यावानी झालंय बघ.”

“मंग जा की, बोल.”

“मी कसा बोलू? मी थोरला हाय.”

थोरला! डोंबल तुझं!

त्यात दुष्काळ. शेतात काय पिकंना, गाड्या हिंडंनात, कामं आटली. व्यंकटी शेड मोडून निजामाबादला मेव्हण्याकडं निघाला. पत्रे उतरवले, ट्रंक बांधली. माणिकप्पा समदं बघत होता, अन् गुमान बसला होता. मला तर लई राग आला. चहात साखर टाकायची इसरले त्या दिवशी.

अन् त्याच दिवशी उदगीरच्या ईश्वरप्पा शेटची गाडी आली. निजामाच्या जमान्यातली, लांबलचक, विलायती. शेट म्हणले, “वायपर हालंना. लेक कोकणात बाळंत झाली, उद्या निघायचंय. तिकडं पाऊस कोसळून राहिलाय, फुडचं दिसत न्हाई म्हणतेत.”

बाकड्यावरली माणसं हसाया लागली. हितं प्यायला थेंब न्हाई, अन् ह्यांना वायपर पायजे!

माणिकप्पा हसला न्हाई. वायपर म्हणजे व्यंकटीचं काम. काचंखालच्या बारक्या जागंत त्याचाच हात जायचा. माणिकप्पाचा हात म्हणजे खोरं. तरी घुसवला. आतली दांडी मोटरीपासून निसटली होती, तिच्या सांध्यातलं कडं, बुश म्हणतेत त्याला, ते झिजून गेलं होतं. असल्या जुन्या गाडीचा बुश कुठं मिळणार? लेथवाल्याकडून पितळंचा करून आणला. हात सोलपटला, पण दांडी बसली. मंग काचंवर पाती लावली अन् दाबलं बटण.

काय सांगू! पाती वर जायची सोडून खाली आली अन् बॉनेटवर खाडखाड आपटाया लागली. शेट ओरडले. माणिकप्पाला काय सुचंना, नुसता बघत राहिला.

“अय्यो! बटण बंद करा अप्पा!” रस्त्यापल्याडून व्यंकटी धावत आला. “मोटर आधी पाती न लावता फिरू द्यावी, तिच्या जाग्यावर थांबू द्यावी, मंग पाती लावावी! किती डाव बोंबलून सांगितलं होतं!”

“तू सांगायचा तवा मी ऐकत नव्हतो,” माणिकप्पा म्हणला.

व्यंकटीनं पाती काढली, मोटर फिरवून थांबू दिली, पाती पुन्हा बसवली. माणिकप्पा बटणाकडं गेला.

“थांबा. काचंवर धूळ हाय. कोरडी फिरवली तर चरे पडतील. पाणी पायजे.”

पाणी होतं ते माठात. माणिकप्पानं तांब्या बुडवून आणला अन् व्यंकटीच्या हातात दिला. व्यंकटीनं काचंवर धार धरली. पाती डावी-उजवी, डावी-उजवी, काच लख्ख! शेट खूश झाले अन् गाडी घेऊन गेले.

तांब्यात निम्मं पाणी उरलेलं. व्यंकटी तांब्याकडं बघत उभा. ते दिवस असे, की उरलेलं पाणी सांडता येत न्हाई.

माणिकप्पानं त्याच्याकडं बघितलं न्हाई, पण सवाल त्योच केला, “पाणी पितो का?”

माझ्याच डोळ्याला पदर लागला.

व्यंकटी घटाघटा प्याला. मंग तोंड पुसून म्हणला, “बोर्डावर जागा न्हाई ना पण.”

“‘जि. लातूर’ खोडू,” माणिकप्पा म्हणला. “जिल्हा कुठला ते समद्यांना ठाऊक हाय.”