मोटारीखालचं रबर

गाझियाबादच्या आमच्या घराला खाली गॅरेज आहे, पण गाडी बाहेर गल्लीत उभी असते. गॅरेजमध्ये माझं काम चालतं. लांब लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि पकडी, आणि दाराजवळ गल्लीतल्या लोकांनी आणून ठेवलेल्या वस्तू. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर. मी तीस वर्षं दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर हात रिकामे बसेनात, म्हणून हे सुरू केलं. साठीची बाई शटर वर करून सोल्डरिंग करत बसली आहे हे बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. मग सवय झाली. ‘नागपुरवाली आंटी’ हे माझं गल्लीतलं नाव. बाहेरच्या मिस्त्रीपेक्षा हिचं काम पक्कं, असं लोक म्हणायचे. ते कानावर आलं की मला बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं, हे आता कळतं.

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना मास्टरनीजी म्हणतात, मीही तेच म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. सोबत चाळिशीतला मुलगा, लग्न मोडल्यावर परत आईकडे राहायला आलेला. अबोल माणूस. संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारणार, “माँ, दवाई ली?” मास्टरनीजी दुपारी माझ्या गॅरेजमध्ये येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. मी काम करायचे, त्या बोलायच्या. त्यांचं निम्मं आयुष्य मी असं स्क्रू फिरवता फिरवता ऐकलेलं आहे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा जुना लोखंडी कूलर माझ्याकडे आला. पंप जळलेला, टाकी गळत होती, जाळ्यांमधलं गवत सडून काळं पडलेलं. मी चार दिवस त्याच्यावर घातले. टाकीला आतून डांबरी रंग दिला, नवा पंप बसवला, सगळ्या वायरी बदलल्या. अर्थिंगची वायर मोटारीच्या स्टँडला घट्ट आवळली. वीज कधी चुकून पत्र्यात उतरलीच, तर ती या वायरीने जमिनीत निघून जावी आणि फ्यूज उडावा, माणसाला धक्का बसू नये, एवढंच तिचं काम. मी मीटर लावून तपासलं. सगळं ठीक होतं.

दोन दिवसांनी मास्टरनीजी आल्या. “हवा तो अच्छी देता है, पर घर्र-घर्र बहुत करता है. सोऊँ कैसे?”

मी पाने घेऊन त्यांच्याकडे गेले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले आणि मोटारीचं स्टँड जिथे जिथे पत्र्याला बोल्टने बसतं, तिथे वरून खालून घातले. बोल्टभोवतीही गुंडाळले. आवाज एकदम बसला. मास्टरनीजींनी कूलरवर हात ठेवून बघितला आणि हसल्या, “ये तो बिल्कुल चुप हो गया!” मला शिकंजी, म्हणजे लिंबाचं सरबत, करून दिली. मीटर घरी टेबलावर पडला होता. परत जाऊन आणावा, पुन्हा एकदा तपासावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

जूनमध्ये एका सकाळी, अकराच्या सुमाराला, मी एका पंख्याचं बेअरिंग बदलत होते. समोरून बादली आपटल्याचा आवाज आला, आणि मग एक विचित्र ओरडणं. मी धावत गेले. मास्टरनीजी व्हरांड्यात आडव्या पडल्या होत्या, पाण्याचा पाइप जमिनीवर तसाच वाहत होता, खिडकीतला कूलर चालू होता. त्यांना हात लावायच्या आधी मी आत जाऊन मेन स्विच बंद केला. इतकं भान मला होतं. उजव्या तळव्यावर भाजल्याचा पांढरा चट्टा होता आणि कोपर नको त्या बाजूला वळलं होतं. शुद्धीवर होत्या. “पानी भर रही थी,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

माझा नवरा गाडी घेऊन आला, आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. मुलगा तिथेच पोचला. विजेच्या धक्क्यातून वाचल्या हे नशीब, डॉक्टर म्हणाले, पण पडल्यामुळे कोपराचा चुरा झालाय. ऑपरेशन करून प्लेट घालावी लागली.

तिसऱ्या दिवशी मुलगा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. “आंटीजी, कूलर कबाड़ी को दे रहा हूँ. उससे पहले एक बार देख लीजिए. मुझे जानना है, हुआ क्या.”

मी मीटर घेऊन गेले. बाजूची जाळी काढली आणि पहिली गोष्ट लगेच दिसली. पंपाची वायर जाळीच्या पत्र्याखाली दबून कापली गेली होती. आतली तांब्याची तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती.

“पंप की तार दब गई थी,” मी म्हणाले. “जाली बंद करते वक़्त.”

त्याने जाळीकडे बघितलं. मग म्हणाला, “जाली तो मैंने बंद की थी. इतवार को. सफ़ाई करके.” आणि तो तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसला.

मी अजून कूलरमध्ये हात घालून होते. वायर दबली, पत्र्यात वीज उतरली, हे ठीक. पण मग फ्यूज का उडाला नाही? मीटरचं एक टोक प्लगच्या अर्थिंगच्या पिनला लावलं, दुसरं मोटारीच्या स्टँडला. मीटर वाजला, म्हणजे जोड पक्का होता. दुसरं टोक कूलरच्या पत्र्याला लावलं. काही नाही. गंज असेल म्हणून पत्रा खरवडून पुन्हा लावलं. काही नाही. स्टँड आणि पत्रा यांच्यामध्ये माझं रबर होतं. आवाज थांबवायला मी घातलेलं. अर्थिंगची वायर स्टँडला पोचत होती आणि तिथेच संपत होती. बाकी सगळा कूलर उघडा होता. एप्रिलपासून जूनपर्यंत, रोज.

त्याला मीटरमधलं काही कळत नव्हतं. तो गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. “मेरी वजह से,” म्हणत होता. आणि मी जाळी परत लावली, मीटर बंद केला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ऐसा मत सोचो, बेटा. पुराना कूलर था.”

हे मी म्हणाले. मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तो दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता, कुठलीही गोष्ट आधी सगळ्या बाजूंनी बघायची त्याची सवय.

“वायर त्याने दाबली,” तो म्हणाला. “तू नाही.”

“अहो, पण अर्थिंग असतं तर काहीच झालं नसतं. फ्यूज उडाला असता. एवढंच.”

“अगं, तू मुद्दाम केलंस का? फुकट करून दिलंस. त्यांच्या कूलरचा आवाज बंद करायला गेलीस. आता सांगून त्यांचं कोपर सरळ होणार आहे का? आणि उद्या त्याने पोलिसांत तक्रार केली तर?”

त्याचं म्हणणं मला पटलं असं नाही. पण मी ते धरून बसले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. मग मास्टरनीजींच्या मुलाला गेटमधून डबा घेऊन हॉस्पिटलला निघताना बघायचे आणि आत वळायचे. तो खंगत चालला होता. एकदा मी पोळीभाजी घेऊन गेले, तर आदल्या दिवशीचा माझाच डबा न उघडलेला ओट्यावर होता. “भूख नहीं लगती, आंटीजी,” तो म्हणाला. “माँ पूछती है कैसे हुआ, तो मैं बाहर चला जाता हूँ.” तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी डबा घासला आणि घरी आले.

गॅरेजमध्ये काम होईना. पण एक काम माझ्यापुढे होतंच. त्या उन्हाळ्यात गल्लीत मी आणखी सहा कूलर दुरुस्त केले होते. मीटर घेऊन घरोघरी गेले. ‘एकदा चेक करते’ एवढंच सांगितलं. पाच ठिकाणी ठीक होतं. सहाव्या घरी, कोपऱ्यावरच्या, तेच. तिथेही आवाजाची तक्रार होती, तिथेही मी रबर घातलं होतं. त्या घरात दोन लहान मुली आहेत. त्या शेजारीच जमिनीवर चित्रं रंगवत बसल्या होत्या. मी वेगळी वायर टाकून पत्रा जोडला, तीनदा तपासलं, आणि त्यांच्या आईने विचारलं, “क्या ख़राबी थी?”

“मेरी ग़लती थी,” मी म्हणाले. तोंडून आपसूक गेलं. त्या बाईने कूलरकडे बघितलं, मग मुलींकडे. “आप रहने दीजिए आंटी, अब मिस्त्री को बुला लेंगे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी पाने गोळा करून निघाले, आणि घरी न जाता सरळ समोरच्या घराची बेल वाजवली.

मुलगा नुकताच आला होता, पायांत अजून बूट होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. रबर, स्टँड, वायर कुठे संपत होती ते. त्याला समजावं म्हणून त्याच्याच टेबलावरच्या चमच्याने आणि रुमालाने दाखवलं. तो चमच्याकडे बघत राहिला.

“आपको उसी दिन पता चल गया था?”

“हाँ.”

“जब मैं वहाँ बैठा था?”

“हाँ.”

“ग्यारह दिन, आंटीजी.” त्याने दिवस मोजले होते याचं मला आधी नवल वाटलं, मग नाही वाटलं. “तार मैंने ही दबाई, वो ठीक है. ग़लती आपसे भी हुई, वो भी ठीक है. पर ग्यारह दिन आप मुझे देखती रहीं.”

मी माफी मागितली. त्याने दार उघडून धरलं.

मास्टरनीजी घरी आल्या त्या हाताला प्लास्टर घेऊन. मुलाने त्यांना सांगितलं असेल असं धरून मी गेले नाही. चार दिवसांनी त्यांनीच निरोप पाठवला. मी पलंगाशेजारी बसले. त्यांचा चेहरा उतरला होता, केस विस्कटलेले होते, कारण एका हाताने त्यांना अंबाडा घालता येत नव्हता. मी सुरुवात केली तर त्यांनी थांबवलं.

“करंट की बात रहने दे. मशीन है, हो जाता है. पर मेरा लड़का पहले ही एक घर टूटने का बोझ उठाए घूमता है. सोचता है सब उसी से बिगड़ता है. तूने उसे एक और दे दिया.”

त्यांनी समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “कंघी वहाँ रखी है.” मी त्यांचे केस विंचरले, अंबाडा घातला. पुढचे दोन महिने, मुलगा कामावर गेल्यावर, रोज जाऊन तेवढं करून यायचे. तो यायच्या आत निघायचे.

प्लास्टर निघालं. व्यायाम करूनही कोपर पूर्ण सरळ झालं नाही. आता ते तेवढंच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. गल्लीत गोष्ट पसरली. कुणी मला तोंडावर बोललं नाही, पण गॅरेजच्या दाराशी वस्तू यायच्या कमी झाल्या. मी ज्या घेते त्या परत द्यायच्या आधी एकदा तपासते, ज्याची वस्तू त्याच्या घरी जाऊन दुसऱ्यांदा तपासते, आणि तरी झोपताना वाटतं, काहीतरी राहिलं. विजेच्या कामाची मला आता भीती वाटते. प्रयोगशाळेतल्या तीस वर्षांत ती कधी वाटली नव्हती. नवरा म्हणतो, सोड ना मग, तुझ्यावर कोणी सक्ती केलीय? सोडवतही नाही.

त्या डिसेंबरमध्ये एका दुपारी मास्टरनीजी गल्लीत उन्हाला खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या. ऊन कसलं, इथल्या हिवाळ्यातल्या धुरक्यातून आलेलं पिवळं काहीतरी. उजवा हात वाकडाच धरून त्या डाव्या हाताने शेंगा फोडत होत्या, दाणे निम्मे खाली पडत होते. मी घरातून खुर्ची आणली आणि समोर बसले. त्यांनी परात पुढे सरकवली. आम्ही महागाईवर बोललो, त्यांच्या पानिपतच्या बहिणीच्या नातवाच्या लग्नावर बोललो.

मुलगा त्या दिवशी लवकर आला. मला बघून थांबला. नमस्ते केलं, पण नजर परातीवर होती. मग आईला आधार देऊन उठवलं, आत नेलं, परत येऊन तिची खुर्ची आणि परात उचलली. मी सालपटं गोळा करत होते. गेटपाशी तो वळला.

“धुआँ बहुत है आज,” तो म्हणाला. “आप भी अंदर जाइए.”

सहा महिन्यांत तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याचा अर्थ काय घ्यायचा, मला ठरवता आलं नाही. मी सालपटं कचऱ्यात टाकली आणि घरात गेले.