छातीचा त्रास

गाठ आंघोळ करताना हाताला लागली. डाव्या बाजूला, सुपारीएवढी, बोटाखालून निसटणारी. दुखत नव्हती. तेवीस वर्षांच्या मुलीने अशा वेळी घाबरायला हवं, एवढं मला माहीत होतं. पण मला काहीच वाटलं नाही. डबा घेतला, ऐरोलीला ऑफिसात गेले आणि दिवसभर लोकांच्या विम्याच्या तक्रारी वाचल्या.

आईला सांगितलं ते आठवड्याने. आम्ही करावेगावचे कोळी. बाजारात आईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही, पण 'स्तन' हा शब्द तिने उभ्या जन्मात उच्चारलेला नाही. ती सगळ्याला छातीच म्हणते. कुणाला बोलू नकोस, स्थळं येतायत, असं तिने बजावलं. हॉस्पिटलच्या खिडकीवरही तीच पुढे झाली आणि हळूच म्हणाली, पोरीला छातीचा त्रास हाय. तिथल्या मुलीने आम्हाला सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

माझा ईसीजी निघाला. तो उत्तम आला. आई इतकी खूश झाली की घरीच निघाली होती. गाठीचं शेवटी मलाच सांगावं लागलं, तेही तिथल्या पुरुष डॉक्टरांना. आई भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत बसली.

मग सर्जन बाईंनी तपासलं, सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. रिपोर्ट येईपर्यंत आई मला पापलेटचा मधला तुकडा वाढत राहिली. मला चव लागत नव्हती, तरी खात होते.

रिपोर्टवर लिहिलं होतं, फायब्रोअॅडेनोमा. बाईंनी समजावलं, हा कॅन्सर नाही. तरुण मुलींना अशा गाठी बऱ्याचदा होतात, त्यात हार्मोन्सचा हात असतो. काढायलाच पाहिजे असं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू, आणि मध्ये वाढली तर लगेच यायचं. आईने लग्नाचं विचारलं, पुढे बाळाला पाजण्याचंही विचारलं. कशालाच अडचण नव्हती. उठताना बाई म्हणाल्या, हे तुमच्या मुलीपुरतं. तुमच्या वयात गाठ लागली, त्यातून ती हलत नसली, तर अंदाज बांधत बसायचं नाही, ती आधी तपासायची.

सुटकेचा निःश्वास वगैरे मी टाकला नाही. जीव बधिरच होता. रिक्षात बसल्यावर आईला म्हटलं, झालं ना आता, कशाला तोंड पाडून बसलीस?

 ती रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मना पन हाय गो."

"काय?"

"गाठ. तुजा बापूस गेला तवापासून."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मी विचारलं, "माझ्यासारखी हलते का?"

"नाय."

मी रिक्षा मागे हॉस्पिटलकडे वळवायला सांगितली. आईचा हात धरला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली.