जाऊबाई कडा बघायला गेल्या

आमच्या क्वार्टर्सपासून वाळवंटातल्या या पार्कचं फाटक हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी फाटक उघडलं की गाड्यांची रांग लागते आणि जो तो काच खाली करून विचारतो, "पहिला पॉइंट किती लांब आहे हो?" तिकीट खिडकीत मी बसते. तेच ते उत्तर देऊन माझी जीभ झिजली आहे. माझे थोरले दीर पार्कची बस चालवतात. फाटकापासून निघायचं, चारही पॉइंटांवर माणसं उतरवायची, आधीची चढवायची आणि फेरी मारून परत यायचं. माझा नवरा पार्कच्याच पाण्याच्या पंपावर आहे. एकूण आमच्या घराचं पोट या वाळवंटावर चालतं. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई लग्न होऊन इथे आल्या त्याला वीसेक वर्षं होऊन गेली, पण त्यांनी एकही पॉइंट बघितला नव्हता.

कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. लोक कुठून कुठून येतात, आयुष्यभराची सुट्टी साठवून येतात. आणि या बाई मागच्या दारी कपडे वाळत घालताना लांबवर जो तांबडा कडा दिसतो, तेवढाच काय तो बघायच्या. सुरुवातीला आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहून गेलं. मुलगी लहान होती. ती मोठी होऊन शिकायला मावशीकडे गेली, तोवर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मग तर विषयच संपला.

आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत. सासूबाई जाऊबाईंकडे, आतल्या खोलीत. पलंग खिडकीशी लावलेला, अंगाखाली रबरी चादर, शेजारी स्टुलावर तोटीचा कप आणि पावडरीचा डबा. सासूबाईंची वाचा गेली होती, पण एक हाक तेवढी शाबूत राहिली होती. "ए!" बस, एवढीच. तहान लागली तरी "ए", कूस बदलायची असली तरी "ए", खिडकीतून ऊन तोंडावर आलं तरी "ए". मी सुट्टीच्या दिवशी आंघोळ घालायला जायचे तेव्हा मला ते सगळे "ए" सारखेच वाटायचे. जाऊबाई मात्र हाक पुरी व्हायच्या आत उठलेल्या असायच्या. ताटावरून, आंघोळीतून, अर्ध्या बोलण्यातून. एखादी गोष्ट त्यांनी सलग सांगितल्याचं मला आठवत नाही. आठ-नऊ वर्षं हे असं चाललं.

सासूबाई गेल्या त्या भर उन्हाळ्यात, दुपारी. जाऊबाई मागच्या दारी चादर पिळत होत्या. ती दोरीवर टाकून आत आल्या तर सगळं आटोपलं होतं. त्या तशाच निघाल्या आणि मला सांगायला फाटकावर आल्या. खिडकीपुढे पर्यटकांची रांग होती. जाऊबाई त्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून तिकिटं फाडतेय, सुटे पैसे देतेय, आणि त्या एकेक पाऊल पुढे सरकताहेत. त्यांचा नंबर आला तेव्हा मी वर न बघताच विचारलं, "किती जण?"

"आई गेल्या," त्या म्हणाल्या.

मी उठलेच. "अहो ताई, रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

"रांग होती ना," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस माणसांची ये-जा होती. जो येई तो म्हणे, "सुटली बिचारी." आणि म्हणताना बोलणाऱ्याची नजर रिकाम्या पलंगाकडे नसायची, जाऊबाईंकडे असायची. त्या सगळ्यांना चहा करून देत होत्या. लेक आली, पोटभर रडली, चार दिवस राहून परत गेली. भाऊजी बसच्या शेडमध्ये जाऊन रडले, ते मला माझ्या नवऱ्याकडून कळलं. जाऊबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला आधी वाटलं, धक्का बसलाय, ओसरेल. मग वाटलं, थकल्यात, आराम करतील. पण त्या आरामही करत नव्हत्या आणि दुःखही. काही विचारलं की "बरं" म्हणायच्या. जेवा, बरं. झोपा, बरं. लेकीकडे जाऊन या, बरं. आणि जागच्या हलायच्या नाहीत.

एकदा मी त्यांच्या ओट्याशी उभी होते. त्यांनी उकळलेलं दुधाचं पातेलं उघड्या हातांनी उचललं, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि सावकाश खाली ठेवलं. मी किंचाळले तेव्हा कुठे त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. भाजीत मीठ कमी पडलंय असं कळल्यावर माणूस बघतो, तसं. दोन्ही हातांना फोड आले. पार्कच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम लावलं आणि विचारलं, "झोप लागते का?"

"डोळे मिटते," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. त्या बाटलीचं बूच जाऊबाईंनी उघडल्याचं मला आठवत नाही.

थंडी सुरू झाली तसे एके संध्याकाळी भाऊजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. माणूस बसमध्ये अखंड बडबडतो, घरात तोंडाला कुलूप. बराच वेळ चौकटीचा रंग नखाने खरवडत होते.

"तुझी सुट्टी सोमवारीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"तिला घेऊन बसमध्ये ये. सगळे पॉइंट दाखवू. मी सांगितलं तर बरं म्हणेल आणि घरीच बसेल. तू हाताला धरून आण."

सोमवारी मी खरोखरच हाताला धरून नेलं. जाऊबाईंनी विचारलं, "काय बघायचं आहे?" मी म्हटलं, "जे बघायला सगळं जग येतं ते." त्यांनी चपला बदलून बूट घातले, ते लेकीचे जुने होते. आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. बसमध्ये एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक निवृत्त मास्तर होते आणि एक मोठं कुटुंब होतं, त्यांची पिशव्यांवरून भांडणं चालली होती. भाऊजींनी आरशातून एकदा मागे बघितलं आणि सुरू झाले, "मंडळी, कठड्यावर चढू नका. टोप्या सांभाळा, वारा आमचा फार लबाड आहे. आणि दगड उचलून नेऊ नका. तुमच्या घरी त्यांना करमायचं नाही." लोक हसले. जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पहिल्या पॉइंटवर जमीन एकदम संपते. आपण दहा पावलं सपाटीवरून चालतो आणि पुढे काहीच नसतं, खाली खोलवर तांबडे, पिवळे, जांभळट थर एकावर एक रचलेले. मी किती वेळा बघितलाय, तरी कठडा घट्ट धरते. मास्तरांच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं. जाऊबाई कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या. अनोळखी लग्नाचा अल्बम कुणी हातात दिला तर आपण जितक्या नम्रपणे पानं उलटतो, तितक्या नम्रपणे त्यांनी इकडून तिकडे नजर फिरवली.

"खोल आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या पॉइंटवर मिठाचं मैदान आहे, बघवत नाही इतकं लखलखतं. तिथे त्या म्हणाल्या, "पांढरं आहे." भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तिसऱ्या पॉइंटवरून एक पायवाट उतरते. कोरड्या नदीच्या पात्रातून, दोन भिंतींच्या मधून, वाऱ्याने कोरलेल्या एका दगडी कमानीपर्यंत. बस थांबते तेवढ्या वेळात जाऊन येता येतं. आम्ही उतरलो. थोडं गेल्यावर त्या जोडप्याने मला फोटो काढायला थांबवलं. एक काढला, त्यात तिचे डोळे मिटले. दुसऱ्यात त्याचं पोट दिसत होतं. तिसऱ्यात कमान अर्धीच आली. मोबाइल परत देऊन मी वळले तर जाऊबाई कमानीखालून पलीकडे गेल्या होत्या आणि चालतच होत्या. तिथून पुढे वाटेवर माणसं जात नाहीत, नुसत्या दगडांच्या खुणा रचलेल्या आहेत.

"ताई!" मी हाक मारली. "अहो ताई!"

त्या थांबल्या नाहीत. पळत नव्हत्या, घाईत नव्हत्या. एका चालीने चालल्या होत्या, दळणाचा डबा घेऊन गिरणीत जावं तशा. मी धापा टाकत मागे. वाळूत पाय रुततोय, बुटात खडे. वरून भाऊजींचा हॉर्न वाजला, मग परत वाजला. शेवटी एका वळणावर भिंतीच्या सावलीत त्या मला बसलेल्या दिसल्या. काटेरी झुडपात हात ओरबाडला होता, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्यांना पत्ता नव्हता.

"माझी हाक ऐकू आली नाही का?" मी चिडूनच विचारलं.

"आली ना."

"मग?"

त्यांनी जरा विचार केला. "ती आईंची नव्हती. म्हणून चालत राहिले."

मी रुमाल त्यांच्या हाताला बांधला. "दुखतंय का?"

"काही वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. "आईंचं वाईट वाटत नाही, सुटल्याचं बरं वाटत नाही. लोक विचारतात तेव्हा वाटतं, काहीतरी सांगावं यांना. पण आत हात घातला तर हाताला काही लागतच नाही."

मी त्यांना उठवलं आणि आम्ही परत निघालो. भाऊजी कमानीपर्यंत उतरून आले होते, तोंड पांढरं पडलं होतं. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात टेकले. रागावतील असं वाटलं, पण वर माणसं खोळंबली होती. पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "बाकावर बसा. पुढच्या फेरीला नेतो." आणि पळत वर गेले.

पॉइंटवर छपराखाली एक सिमेंटचा बाक आहे. आम्ही तिथे बसलो. समोर ती सगळी दरी उघडी पडलेली. जाऊबाई काही वेळ ताठ बसल्या, मग कलल्या, मग आडव्या झाल्या आणि झोपल्या. झोपल्या म्हणजे कशा, तोंड उघडं, एक हात बाकाखाली लोंबतोय, चक्क घोरताहेत. मी त्यांना इतक्या वर्षांत झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. मी ओढणी काढून त्यांच्या तोंडावर सावली धरली. लोक येत होते, फोटो काढत होते, बाकाकडे बघून हसत होते. एका पोरीने विचारलंसुद्धा, "या आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही. इथे राहतात."

पुढची फेरी आली. भाऊजी खाली उतरले, बाकापाशी येऊन नुसते बघत राहिले. मी उठवायला हात पुढे केला तर म्हणाले, "असू दे, असू दे." मग बसपाशी जाऊन प्रवाशांना सांगितलं, "मंडळी, या पॉइंटवर हळू बोलायचं असतं. वारा ऐकण्यासारखा आहे." सगळी माणसं शहाण्यासारखी गप्प झाली आणि कान देऊन वारा ऐकायला लागली. त्यातली निम्मी जाऊबाईंचं घोरणंच ऐकत असणार. निघताना भाऊजींनी हॉर्न दिला नाही. हातानेच सगळ्यांना बोलावलं.

आम्ही शेवटच्या फेरीने घरी आलो. चौथा पॉइंट राहूनच गेला.

आता सांगायला मला आवडलं असतं की त्या दिवसापासून जाऊबाई बदलल्या. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तशाच उठल्या, तशाच "बरं" म्हणाल्या. फक्त पुढच्या सोमवारी मी विचारायच्या आत बूट घालून पायरीवर बसल्या होत्या. मग ते ठरूनच गेलं. तिसऱ्या पॉइंटवर उतरायचं, कमानीपर्यंत जायचं, येऊन बाकावर झोपायचं. दुसरा ड्रायव्हर भाऊजींना चिडवायचा, "काय हो, घरी पलंग नाही का?" भाऊजी म्हणायचे, "आहे. पण तिथे ड्युटी होती तिची."

थंडी सरता सरता एक गोष्ट घडली. पायवाटेवर एक म्हाताऱ्या बाई दगडावर टेकल्या होत्या. बरोबरची माणसं पुढे गेली होती. जाऊबाई जवळून जाताना म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. "बाई, जरा आधार द्या ना. उठवत नाही मला."

जाऊबाई थांबल्या. त्या हाताकडे त्यांनी बघितलं, सुरकुतलेला, थरथरणारा. मला वाटलं, आता सवयीने खाली वाकतील, काखेत हात घालतील.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही जमणार." आणि पुढे निघून गेल्या.

म्हाताऱ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना उठवलं, माणसांपर्यंत पोचवलं आणि धावत जाऊबाईंना गाठलं. त्या कमानीखाली उभ्या होत्या. ओठ हलत होते.

"मी नाही म्हटलं गं त्यांना," त्या म्हणाल्या. रागाने नाही, लाजूनही नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तशा. "फार वाईट दिसलं का?"

"थोडं दिसलं," मी म्हटलं.

"हो ना?" त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या दिवशी बाकावर झोपल्या नाहीत. बस येईपर्यंत दरीकडे बघत होत्या, का नुसते डोळे उघडे होते, ते मला सांगता येणार नाही.

अजून त्या रडलेल्या नाहीत. आतल्या खोलीतला पलंग भाऊजींनी पंपावरच्या एका माणसाला देऊन टाकला, तेव्हा जाऊबाई एक टोक धरून तो बाहेर काढू लागल्या. मग जागा झाडून घेतली. लेकीला फोनवर म्हणाल्या, "ये, झोपायला जागा झालीय." परवा मात्र वाळत घातलेल्या कपड्यांतून डोकं बाहेर काढून त्यांनी मला विचारलं, "उन्हाळ्यात पायवाट बंद करतात ना गं?"

"करतात," मी म्हटलं. "उष्माघाताने माणसं पडतात."

"मग तेवढे महिने काय करायचं?"

मी म्हटलं, "बघू." त्यांनी दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावला आणि दुसरा कपडा उचलला.