माझं नाक आणि सुनंदाताईंचे वाल

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला वाटतं, त्या साथीच्या तापात गेलेलं माझं नाक महिन्याभरात परत आलं. मीच तसं सांगितलं होतं. दुसरं काय सांगणार? शेफला वास येत नाही, हे काय गावभर सांगत फिरायचं? तेव्हा आज पहिल्यांदाच बोलतोय – आणि तेही तुमच्याशी, कारण तुम्ही काही माझ्या हातचं जेवायला बसलेले नाहीत.

पण नाक ही खरी गोष्ट नाही. खऱ्या गोष्टीकडे यायला जरा वेळ लागेल. धीर गोळा करतोय असं समजा.

शेफ म्हटलं की लोकांना उंच पांढरी टोपी दिसते. मी पेणचा, रोह्याकडच्या खांब गावाच्या पुढे नदीकाठच्या एका रिसॉर्टवर मुख्य शेफ आहे, आणि टोपी मी फोटोपुरती घालतो. बाकी दिवस जातो तो कांदा सडका निघाला, मासेवाला आला नाही, आचारी न सांगता गावी गेला, यात. गणपतीत सगळं पेण घरी असतं आणि मी परक्या माणसांसाठी मोदक वळत असतो. हातावर भाजल्याचे डाग, गुडघे कुरकुरतात, जेवण उभ्याउभ्याच. तरी खरं सांगू? मला हे काम आवडतं. फार आवडतं. परत आलेली ताटं मी धुवायच्या मोरीशी जाऊन बघतो. पुसून खाल्लेलं ताट दिसलं की दिवसभर मी खुशीत असतो.

आणि माझं नावही आहे बरं का. आमचे आचारी म्हणतात, शेफ शिकवावं कसं ते जाणतात – स्वतः काही बोलत नाहीत, आपल्यालाच वास घ्यायला लावतात, "सांग, काय कमी आहे?" एक जण गोव्याला मोठ्या हॉटेलात गेला, तो जाताना पाया पडला. असं कुणी शिकवलं नाही म्हणाला. मी आशीर्वाद दिला. काय करणार होतो? त्याच्या नाकावर मी दोन वर्षं स्वयंपाक केला होता.

ही युक्ती मुळात सुनंदाताईंची. त्या शेजारच्याच वरसे गावच्या. आमच्या किचनमध्ये वाटण आणि वाल, ही त्यांची कामं. आमच्याकडचे कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा – हे ज्याला जमतं त्याला चार गावांत मान असतो. वरश्यात लग्नाचं बिरडं, म्हणजे वालांची उसळ, सुनंदाताईंनी सोललेल्या वालांशिवाय होत नसे. तापानंतर मी कामावर आलो, आणि एकदा माझ्या नाकासमोर लसूण जळत होता नि मी शांतपणे ढवळत होतो. त्यांनी येऊन गॅस बंद केला. हळूच म्हणाल्या, "भाऊ, वास येत नाय का तुम्हाला?"

मी जळका लसूण ओतून टाकला आणि नवा सोलायला घेतला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक भांड्यापाशी येऊन त्या एकच शब्द बोलत – "व्हय" किंवा "नाय". व्हय म्हणाल्या की मी वाढायला सांगायचो. कुणाला काही कळलं नाही. जिभेला मीठ, तिखट, आंबट कळत होतं, बाकीचं त्या सांभाळत होत्या.

आता सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना होता. एका कुटुंबाने आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी सगळं रिसॉर्ट घेतलं होतं. आजोबा मूळ रोह्याचे, त्यांना बिरडं हवं होतं, बस्स. सुनंदाताईंनी आदल्या दिवशी परातभर वाल सोलले, फ्रीजमध्ये ठेवले आणि मला दाखवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी त्या उशिरा येणार होत्या. त्या गेल्यावर पापलेटांचे ट्रे आले. जागा नव्हती. परात मी बाहेर काढली – मीच, या हातांनी – आणि ती रात्रभर भट्टीशेजारच्या ओट्यावर राहिली.

सकाळी वाल बोटांना किंचित बुळबुळीत लागले. दोन पाण्यांनी धुतले. शिजल्यावर आंबट लागलं, तर म्हटलं कोकम जरा जास्त झालं असेल, आणि वर गूळ टाकला. शेजारी चार माणसं होती. एकालाही मी "वास घे" म्हटलं नाही. का? आपण एकट्याने करून दाखवू, असं वाटलं असेल. तेवढाच माज.

आजोबांनी पहिला घास ताटात परत काढून ठेवला. वाल आंबलेत, एवढंच म्हणाले. मालक आत आले तेव्हा सुनंदाताई नुकत्याच येऊन पदर खोचत होत्या. "वाल कुणी बाहेर ठेवले?" मालकांनी विचारलं.

मी म्हणालो, "ताईंनी. मी त्यांना सांगितलं होतं फ्रीजमध्ये ठेवायला."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात माझं सगळं उघडं पाडता आलं असतं – परातीचंही आणि नाकाचंही. त्यांनी पदर सोडला, पिशवी उचलली आणि मागच्या दाराने गेल्या. मला वाटलं, उद्या येतील. मालकांनी येऊ दिलं नाही. मी शब्द टाकला नाही.

गोष्ट वरश्यात पोचली. त्यानंतर लग्नांना त्यांना बोलावेनासे झाले. आता त्या रोह्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. बाजारात भेटतात कधी. "बरं हाय ना, भाऊ?" विचारतात. मी म्हणतो, बरं आहे. आणि ते खोटं नसतं, हेच तर सांगायचंय. मी खरंच बरा आहे. मुलगा शिकला, घराला रंग दिला, कामात मन रमतं. पश्चात्तापाने जळतोय वगैरे काही नाही.

मागच्या महिन्यात मालक किचनमध्ये आले. पाहुणे पुन्हा बिरडं मागतात म्हणाले. झालं गेलं, त्या वरश्याच्या बाईंना परत बोलावू या का, तुम्ही म्हणाल तसं.

त्या दिवशी, मे महिन्यात, मी घाबरलो होतो. या वेळी कसलीही भीती नव्हती. मालक माझं ऐकतात, नोकरीला धोका नाही, आणि त्या तोंड उघडणार नाहीत हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? नुसतं "बोलवा" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नको साहेब, त्यांच्या कामाचा भरवसा नाही."

मालक बरं म्हणून गेले. मी ताट वाढून घेतलं, आणि त्या दिवशी कधी नव्हे तो बसून, पोटभर जेवलो.