गेलेली पाळी

आमच्या गल्लीत आज कोणता वार आहे हे वासावरून कळायचं. बिस्किटांच्या कारखान्याची मागची भिंत गल्लीच्या टोकाला होती. लोण्याचा वास आला की आठवडा सुरू, आल्याचा आला की आठवडा अर्धा संपला, आणि कसलाच वास नाही म्हणजे सुट्टी. त्या भिंतीपलीकडे, पॅकिंगच्या लांबलचक हॉलमध्ये, माझी आत्या उभी असायची.

शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे. ती पहिल्या पाळीला होती, त्यामुळे दुपारी घरी असायची. केसांवरची टोपी काढली तरी कपाळावर तिच्या रबराची रेघ राहायची. हातांना व्हॅनिलाचा वास यायचा, साबणानेही न जाणारा. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात बिस्किटांचे तुकडे असत. पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर मोडलेली बिस्किटं कामगारांना स्वस्तात मिळायची. अख्खं बिस्कीट मी बऱ्याच मोठेपणी खाल्लं आणि मला ते काही खास वाटलं नाही. तुकड्यांत निवड करता येते.

कारखान्यात आत्याला भोंगा म्हणत. "कारखान्याला दोन भोंगे. एक छपरावर, एक पॅकिंगमध्ये," असं तिची मैत्रीण सुई सांगायची. सुई अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून सुई. पट्ट्याच्या खडखडाटावर आत्याचा आवाज सहज चढायचा. पट्ट्यावरून बिस्किटांच्या रांगा येत, ती मुठीत पुडा उचलून कागदात सरकवी आणि तोंडाने कोणाची तरी फिरकी घेत राही. बहुतेक वेळा काकांची. काका घड्याळं दुरुस्त करायचे. "आमच्या ह्यांना गावाची वेळ दुरुस्त करता येते," ती म्हणायची, "स्वतःची जेवायची वेळ झाली हे सांगायला मात्र मी लागते." बायका हसत, हात चालू राहत. तिच्या बाजूच्या पट्ट्यावर तुकडे कमी पडतात, असंही म्हणत. खरं असेल. हसणारा माणूस डुलकी घेत नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर कधीतरी हे सगळं बंद पडलं. एकदम नाही. आधी तिच्या घरातला रेडिओ बंद झाला. मग एक दिवस मी गेले तर ती खाटेच्या कडेला बसली होती, एका पायात चप्पल, दुसरी हातात. कधीपासून बसली होती कोण जाणे. "डबा घे," म्हणाली. मी तुकडे खाल्ले, गृहपाठ केला. दुसरी चप्पल अजून हातातच होती.

काकांना वाटलं, ती रागावली आहे.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही हो."

'काही नाही' म्हणजे नक्कीच काहीतरी, एवढं काका संसारात शिकले होते. त्यांनी घाबरून घरातली सगळी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली. आमच्या आईने मला हळूच विचारलं, "काका आजारी आहेत का?"

आत्याची पाळी थांबली होती. अंगातून एकाएकी वाफ उठायची, मान, पाठ भिजायची. पण हॉलच्या शेजारीच भट्टी, तिथे सगळ्याच घामाने निथळत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नाही फारसं. पहाटे दोनदा कपडे बदलायचे, उरलेली झोप उघड्या डोळ्यांनी काढायची आणि उजाडायच्या आत पट्ट्यापाशी उभं राहायचं, असं चाललं होतं. घामाचं तिला काही नव्हतं. तिला भीती वाटत होती ती आतल्या पोकळीची. समोरून बिस्किटं येत आहेत, हात उचलत आहेत आणि आपण तिथे नाहीच. सुईने डिवचलं, "आज भोंगा बिघडला वाटतं," तर ती नुसता पुढचा पुडा कागदात सरकवी. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना हसवलं, तिला स्वतःचं गाऱ्हाणं सांगायची सवयच नव्हती. पुढे एकदा तीच मला म्हणाली, "भोंग्याला कोण विचारतं गं, तुझं डोकं दुखतंय का?"

तिने ठरवलं, काम सोडायचं. घरात पडदे ओढून पडून राहायचं. निदान कोणाला उत्तर द्यावं लागणार नाही.

पॅकिंगचे साहेब नवीन होते. वयाने तिच्या मुलासारखे, लग्न व्हायचं होतं, बायकांशी बोलताना टेबलावरच्या पेनाकडे बघायचे. त्यांची खोली हॉललाच लागून, दार कायम उघडं. आत्या दारात उभी राहिली.

"साहेब, माझं नाव कमी करा."

"का हो मावशी? कोणी बोललं का?"

"नाही. जमत नाही आता."

"असं कसं? वरून मला विचारतील ना, इतकी जुनी बाई का सोडून गेली? काय सांगू?"

ती खोटं बोलायच्या तयारीने आली होती. गुडघे, कंबर, असलं काहीतरी. पण रात्रीची झोप नव्हती आणि खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते.

"माझी पाळी गेली, साहेब. तेव्हापासून काही जमत नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. आपल्याला सोडवता येण्यासारखी अडचण आहे, हे पाहून आनंद झाला त्यांना.

"एवढंच ना! अहो, एक पाळी गेली तर नोकरी सोडतं का कोणी? मी भरून देतो. पुढच्या आठवड्यात दोन पाळ्या सलग लावतो तुम्हाला."

त्याच वेळी पट्टा साफसफाईसाठी थांबलेला होता. दारातलं बोलणं हॉलभर ऐकू गेलं. सुई दाराशी ट्रे घेऊन उभी होती, तिच्यामागे पॅकिंगमधल्याच आणखी दोघी.

"साहेब," ती अगदी गरिबासारखी म्हणाली, "तेवढं कराच. माझी पण गेलीय. या दोघींची तर कधीच गेली. सगळ्यांनाच भरून द्या."

"एकदम इतक्या जणींच्या?" साहेब उठून उभे राहिले. "मग हजेरी कोण बघतं इथे?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते म्हणे भट्टीवाल्यांनी ऐकलं आणि काय झालं बघायला धावत आले. कोणी ट्रेवर डोकं टेकलं, कोणी टोपीत तोंड लपवलं. साहेबांना उशिराने उमगलं. आधी कान लाल झाले, मग मान, मग ते पेन शोधायला टेबलाखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पाळी हा शब्द टाकला. शिफ्ट म्हणू लागले.

आत्याही हसली. पोट धरून, भिंतीला टेकून हसली. बाकीच्यांचं हसू ओसरलं तरी तिचं थांबेना, आणि सुईला सगळ्यांत आधी कळलं की हे आता हसू नाही. तिने ट्रे खाली ठेवला, आत्याला धरून एका उपड्या क्रेटवर बसवलं.

"अगं बोल तरी. कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही. तेच तर. इतके दिवस रडूसुद्धा येत नव्हतं."

मग त्या दोघींमधली एक, जी कधी फारसं बोलत नसे, म्हणाली, "मी वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. नवऱ्याला सांगायचे, पित्त झालंय."

"मग?"

"मग काय. दवाखान्यात गेले. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, हसाल."

सुई म्हणाली, "हसलोच असतो गं. पण नेलंही असतं की."

कारखान्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा डॉक्टरबाई यायच्या. सुई सोबत गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. डॉक्टरबाईंनी झोप विचारली, भूक विचारली, जीव नकोसा होतो का हेही सरळ विचारलं. आत्या म्हणाली, मरावं असं नाही वाटत, पण सकाळ झाली नाही तर बरं, असं वाटतं. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "वय झालं म्हणून हे सोसायचं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? या बदलात काहींची झोप मोडते, काहींचं मन खाली बसतं. तुमचं दोन्ही झालंय. तुमचा दोष नाही, आणि यावर इलाज आहे." गोळ्या दिल्या. बोलायला म्हणून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका बाईंकडे पाठवलं. तिथे काका सोबत जायचे, दुरुस्तीचं एखादं घड्याळ खिशात घेऊन. तिला वेळ लागला तर तेवढंच काम, म्हणायचे.

साहेबांनी तिचं नाव कमी केलं नाही. टेबलाकडे बघत विचारलं, "मावशी, दुपारची वेळ घ्याल का? सकाळी जरा पडता येईल." तिने घेतली. माझी दुपार मात्र गेली. मी शाळेतून यायचे तेव्हा ती निघालेली असे. कुलपाची किल्ली शेजारी, डबा फळीवर, आणि घर विलक्षण शांत. मला तिचा राग यायचा. ते वयच तसं होतं.

ती एका झटक्यात सुधारली, असं काही झालं नाही. चांगले दिवस आले, त्यांच्यामध्ये वाईट दिवस आले, मग वाईटांमधलं अंतर वाढत गेलं. शाळेच्या एका सुट्टीत आई मला कारखान्याच्या फाटकाशी घेऊन गेली होती. चहाची वेळ होती. बायका पायऱ्यांवर उन्हात बसल्या होत्या. आत्या कडेला होती, कप हातात, चेहरा उतरलेला. सुई तिच्याकडे सरकली.

"काय गं, सांग की काकांचं काहीतरी. आज सगळ्या कंटाळल्यात."

"आज नको," आत्या म्हणाली. "आज मन नाही. तुम्ही बोला, मी ऐकते. पण उठून जाऊ नका."

कोणी उठलं नाही. सुई आपल्या घरातल्या गळक्या नळाबद्दल सांगायला लागली. गोष्ट अजिबात विनोदी नव्हती आणि फार लांबली. आत्या कपातलं संपेपर्यंत ऐकत राहिली. मग सगळ्यांबरोबर उठली, टोपी चढवली, रबराखाली सुटलेले केस खोचले आणि आत गेली.