पहिल्या बटेला हो

आमच्या तेओदोमिरोला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, 'नाही' म्हणायला आईनं शिकवलंच नाही, की शिकवलं आणि हा विसरला, ते मला आजवर कळलेलं नाही. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत याचं "हो हो, का नाही" बाहेर पडलेलं असतं. मागे पाटाच्या पाण्यावरून वरची आळी आणि खालची आळी भांडली, तर हा दोन्हीकडून बोलायला कबूल झाला. बैठकीत घटकाभर या बाजूला उभा, घटकाभर त्या बाजूला. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आणि घरी येताना बरोबर एक डुक्कर घेऊन आला. कुणाचं तरी आठवडाभर सांभाळायचं होतं म्हणे. कुणाचं, ते याला आठवेना. ते डुक्कर अजून आमच्याकडेच आहे.

हाताला मात्र कसब आहे. सुतार आहे तो. पेरूतल्या अयाकुचो शहराहून डोंगरात वर आलं की आमचं पुकाकासा गाव लागतं, तिथं तेओचा रंधा न फिरलेलं दार सापडायचं नाही. वय एक्केचाळीस आणि लग्न नाही. कारण एकच, सेनाइदा.

सेनाइदाचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा पोर पोटात होती. ती इल्दा आता तीन वर्षांची. तेव्हापासून तेओनं त्या घराचं दार केलं, खिडकी केली, पोरीला एवढीशी खुर्ची केली. दार पहिल्यांदाच नीट बसलं होतं, तरी हा तीनदा बसवून आला. याच्या मनात काय आहे ते गावातल्या कोंबड्यांनासुद्धा कळलं होतं. मी म्हणायची, मेल्या, विचारून टाक एकदा तिला. तो हो म्हणायचा. अशी दोन वर्षं तो मला हो म्हणत होता.

एका रविवारी बाजारातून आला तो चेहरा पांढराफटक.

"ताई, मी सेनाइदाला हो म्हणून बसलो."

मला आनंदानं काही सुचेना. म्हटलं, चला, शेवटी तिनंच विचारलं. लग्नाच्या जेवणाला चुलीमागच्या गिनी पिगांतला कुठला आधी भाजायचा, तेही मी डोळ्यांनी निवडून टाकलं. मग सहज विचारलं, कशाला हो म्हणालास?

"इल्दाच्या पहिल्या बटेला."

आमच्यात तीन वर्षं पोरांच्या केसांना कात्री लागत नाही, आणि पहिली बट जो कापतो तो पोराचा धर्मबाप होतो. पोराच्या आईचा तो त्या घटकेपासून भाऊ, सख्ख्याहून सख्खा. मग लग्नाचं नाव काढायची सोय नाही. तसं कुणी केलं तर त्या दोघांना लामाची मुंडकी फुटतात आणि ती डोंगरावर ओरडत फिरतात, असं आई सांगायची. शाळेतले मास्तर याला हसतात, पण तसलं लग्न कधी त्यांनीही केलेलं नाही.

"अरे, ती काय मागतेय ते कळलं नाही का तुला?"

"कळलं ना. हो म्हणून झाल्यावर कळलं."

मी त्याला तसाच माघारी पाठवला, नाही म्हणून ये म्हटलं. हो म्हणून गेला. दुपारी परत आला तेव्हा पोरीला त्या दिवशी बसायला नवं स्टूल करून द्यायचंही कबूल करून आला होता. मी कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःच निघाले.

सेनाइदा बटाटे सोलत होती. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, माझ्या भावाला तुझ्याशी लग्न करायचंय, कात्रीला दुसरा कुणी बघ.

"ठाऊक आहे मला, ताई. म्हणून तर त्यालाच विचारलं."

मला काही उमगेना. ती सुरी खाली न ठेवता बोलत राहिली.

"तीन वर्षं येतोय तो. पण तो सगळ्यांकडेच जातो. मी हवी म्हणून येतो, की मी बोलावलं म्हणून, ते मी कसं ओळखायचं? लग्नाचं मीच विचारलं तरी हो म्हणेल. पाद्रीबाबांनी दुसरी कुणी पुढे केली तरी हो म्हणेल. माझ्यासाठी एकदा त्यानं नाही म्हणावं, एवढंच मला ऐकायचंय. कात्री हातात घेईपर्यंत वेळ आहे त्याला." मग हळूच म्हणाली, "तुम्ही हे त्याला सांगायचं नाही. सांगितलंत तर तो तुमचं ऐकून नाही म्हणेल. मला त्याचं हवंय. घ्या शपथ."

"बरं," मी म्हटलं, "नाही सांगत."

वाटेला लागल्यावर लक्षात आलं, मी काय कबूल करून बसले ते. रक्तातच आहे मेलं आमच्या.

पुढचे आठ दिवस तो स्टूल घासत होता आणि मी त्याच्याभोवती घुटमळत होते. शपथ मोठी की भाऊ, मला ठरवता येईना. म्हटलं, तेओ, मनात नसेल तर माणूस नाही म्हणू शकतो हं. तो म्हणाला, हो ताई. मग रंधा थांबवून विचारायचा, तिला मी भाऊ म्हणून हवाय का गं? मी जीभ चावून उठून जायची.

त्या दिवशी अंगणात हार्प वाजत होती, मक्याची दारू फिरत होती. इल्दा स्टुलावर बसली, केसांच्या बटाबटांना रिबिनी. मागे सेनाइदा उभी. तेओनं कात्री घेतली.

"तेओ," सेनाइदा म्हणाली, "कापायची ना? मनापासून?"

तो थांबला. अगदी थांबला. ओठ हलले त्याचे, मी पाहिलं. तेवढ्यात मागून कुणीतरी काप काप म्हणालं, मग सगळं अंगण म्हणू लागलं. तीसचाळीस माणसं एकदम मागत होती. तेओनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, आणि बट कापली.

सेनाइदानं वाकून त्याला कोंपाद्रे म्हटलं, म्हणजे धर्माचा भाऊ. मग ताटल्या आणायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

अजूनही तिचं दार कुरकुरलं की तेओ जातो. आता तर भाऊच, कोण बोलणार? तिथून आला की उंबऱ्यावर बसतो, हातातला रंधा उलटासुलटा करतो आणि दर वेळी तेच विचारतो.

"ताई, तिनं त्या दिवशी 'मनापासून' असं का विचारलं असेल गं? तुला काही ठाऊक आहे का?"

"नाही," मी म्हणते.